पार्श्वभूमी : 'खर्ज लाव' म्हणजे नेमके काय कर?

१९७८ साली ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन हे नाट्यगृह उभे राहिले तेव्हा माइक होते, तरी नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे ही अपेक्षा कायम होती. ही सवय लावली संगीत नाटकाने. पहाटे खर्ज भरण्याचा, म्हणजे खालच्या स्वरांत रियाज करण्याचा, शिरस्ता त्याहूनही जुना. या मेहनतीने आवाज खरेच सुधारतो का, यावरचा वाद मात्र मिटलेला नाही, आणि तो बराचसा एका शब्दाने घातलेला आहे.

खर्ज हा षड्जाचा अपभ्रंश, म्हणजे मुळात फक्त 'सा'. पुढे मंद्र सप्तकाला, म्हणजे खालच्या स्वरांच्या पट्ट्यालाच, खर्ज म्हणू लागले आणि त्यापुढे जाड, भारदस्त आवाजाला. त्यामुळे गुरूच्या 'खर्ज लाव' या एका आज्ञेतून शिष्य तीनपैकी काहीही ऐकतो. कुणी आपल्या पट्टीतला सा हलका आणि लांब धरतो. कुणी सा वरून एकेक स्वर खाली उतरतो आणि आवाज विरायला लागला की थांबतो. कुणी हनुवटी छातीला टेकवून, घसा दाबून आवाज जाड करतो. घसे बसतात ते इथे. खालच्या स्वराला घशातले स्वरतंतू आखूड, जाड आणि सैल होतात, थोड्या श्वासावरही कंप पावतात. तिथे जोर लावला की ते एकमेकांवर आपटतात. काळी चार या उंच पट्टीत गाणाऱ्या मुलीला काळी एक या खालच्या पट्टीत गाणाऱ्या गुरुजींच्या मंद्रापर्यंत ओढणे हा याच गोंधळाचा परिणाम, आणि तो आजही सर्रास चालतो याचे वाईट वाटते.

'तंतू' हा शब्दही फसवा आहे. त्या ताणलेल्या तारा नाहीत, मऊ पदरांच्या दोन घड्या आहेत. त्या आरशातून पहिल्यांदा नीट न्याहाळल्या त्या १८५४ साली एका गायनशिक्षकानेच. १९८१ मध्ये जपानी पद्धतीने घोगरेपणा, खरखर, हवा निसटणे, क्षीणपणा आणि ताण यांना ० ते ३ गुण द्यायची सोय केली, तेव्हा 'आवाज सुधारला' या बोलण्याला काही माप मिळाले.

त्याआधीच फिनलंडमध्ये १९६० च्या दशकात काचेची नळी पाण्यात बुडवून तिच्यातून आवाज काढण्याचा व्यायाम रुजला. तोंडाची वाट अरुंद झाली की दाब मागे साचतो, घड्या किंचित अलग राहतात आणि आपटणे कमी होते. ओंकाराचा लांबवलेला मकार याच जातीचा. आपल्याकडे तो होताच. फक्त जाड आवाजाच्या हौसेत त्याचा हलकेपणा हरवला.

२०२० नंतर हा विषय गवयांपुरता राहिला नाही. आधी फोनवरून आणि मग मास्कमधून शिकवताना शिक्षकांचे घसे ताणले गेले. वाहनांनी गजबजलेल्या घोडबंदर रोडलगतच्या वर्गात खिडकी उघडी ठेवून शिकवणाऱ्यांचे तर आधीपासूनच. आता ठाण्यातही वाचा-उपचारतज्ज्ञ ग्लासभर पाणी आणि साधी स्ट्रॉ हातात देतात. दमलेल्या आवाजाला त्याने आराम पडतो. स्वरतंतूंवरच्या लहान गाठींनाही, बोलण्याची सवय बदलली तर, बऱ्याचदा उतार पडतो. पण दहीहंडीला ओरडून सुजलेल्या घशावर दुसऱ्या पहाटे खर्ज भरायला बसणे चुकीचे. तिथे आधी मौन आणि पाणी. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर रियाज बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यायचे.