कस्टम रॉम बसवताना बंद पडलेल्या मोबाईलचे पुनरुज्जीवन

कंपनीने दिलेली कार्यप्रणाली काढून तिच्या जागी दुसरी, म्हणजे कस्टम रॉम, बसवण्याचा प्रयत्न फसला की कधीकधी मोबाईल प्रतिसाद देईनासा होतो. असा मोबाईल पुन्हा चालू करण्याची ही प्रक्रिया आहे. मोबाईल विटेसारखा निर्जीव होतो म्हणून तंत्रज्ञ त्याला ‘ब्रिक झाला’ असे म्हणतात. विदर्भात तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात मात्र ‘डेड झाला’ किंवा ‘लोगोवर अडकला’ असे म्हटले जाते आणि त्यावरच्या उपायाला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात. ‘डेड झाला’ आणि ‘लोगोवर अडकला’ हे दोन्ही शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरले जातात आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. ज्याच्या पडद्यावर लोगो उमटतो तो मोबाईल मेलेला नसतो, आणि ज्याचा पडदा पूर्ण काळा आहे तोही बहुधा मेलेला नसतो. तो कोणत्या पायरीवर थांबला आहे एवढे ओळखले की निम्मे काम झाले.

खेड्यात कस्टम रॉमकडे वळण्याचे कारण बहुतेक वेळा हौस नसून गरज असते. मुलाने नवा मोबाईल घेतला की जुना वडिलांकडे येतो. तोवर कंपनीने त्याची अद्ययावत आवृत्ती देणे थांबवलेले असते आणि नवी ॲप्स जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत कपाशी-तुरीची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची असते, त्यामुळे चालणारा मोबाईल ही आता शेतीच्या कामाचीच वस्तू झाली आहे. मग घरातला आयटीआयला किंवा कॉलेजला जाणारा मुलगा लिनिएजओएससारखी मोफत प्रणाली उतरवून घेतो. सायनोजेनमॉड हा प्रकल्प बंद पडल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्याच पायावर लिनिएजओएस उभी राहिली आणि अनेक जुन्या मोबाईलना तिने खरोखरच पुढचे आयुष्य दिले आहे. अशा कामात मोबाईल अडकला की घरची पहिली अडचण ओटीपीची असते, कारण आधार, बँक आणि पीएम-किसान हे सारे त्याच एका नंबरावर असते. म्हणून काहीही करण्याआधी सिम काढून घरातल्या दुसऱ्या, अगदी बटणाच्या मोबाईलमध्ये घालावे. एवढे केले की घाई संपते, आणि या कामात घाईइतके नुकसान दुसरे काहीच करत नाही.

मोबाईल चालू होतो तो साखळीने. क्वालकॉम कंपनीच्या चिपमध्ये सर्वांत आधी चालणारा प्राथमिक बूटलोडर (पुढची पायरी उघडणारा छोटा प्रोग्राम) कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो आणि तो पुसता येत नाही. तो साठवणुकीतील दुय्यम बूटलोडर उघडतो, हा पुढचा बूटलोडर उघडतो, तो ‘बूट’ नावाच्या विभागातील कर्नेल (प्रणालीचा गाभा) चालवतो आणि कर्नेल मुख्य प्रणाली उभी करतो. प्रत्येक कडी पुढच्या कडीची सही, म्हणजे ती अस्सल असल्याची डिजिटल खूण, तपासते. कस्टम रॉम बसवताना सहसा शेवटच्या दोन कड्याच बदलल्या जातात, त्यामुळे प्रयत्न फसला तरी आधीच्या कड्या शाबूत राहतात आणि त्यांच्याच आधाराने मोबाईल परत आणता येतो. उलट बूटलोडरच चुकीच्या मॉडेलचा भरला गेला, तर मोबाईल साखळीच्या मुळाशी जाऊन थांबतो. पहिल्या अवस्थेला सॉफ्ट ब्रिक आणि दुसऱ्या अवस्थेला हार्ड ब्रिक म्हणतात.

निदानासाठी डोळे, कान आणि एक संगणक पुरतो. मोबाईल तासभर मूळ चार्जरवर ठेवावा आणि पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, कारण बॅटरी पूर्ण उतरलेला मोबाईलही डेडसारखाच दिसतो. लोगो येऊन पुन्हा पुन्हा सुरुवात होत असेल, तर तो बूटलूप होय. यानंतर बटणांच्या जोड्या तपासाव्यात. रेडमीच्या मोबाईलमध्ये आवाज कमी करण्याचे बटण आणि पॉवर एकत्र दाबल्यास फास्टबूट (संगणकाकडून आज्ञा घेणारी अवस्था) उघडते, तर आवाज वाढवण्याचे बटण आणि पॉवर दाबल्यास रिकव्हरी (दुरुस्तीचा छोटा मेनू) उघडते. जुन्या रेडमीवर फास्टबूटमध्ये कानटोपी घातलेला ससा हिरव्या यंत्रमानवाची दुरुस्ती करताना दिसतो, नव्या मोबाईलवर नुसती नारिंगी अक्षरे येतात. पडदा काळाच राहिला, मोबाईल थरथरलाही नाही, तर तो केबलने संगणकाला जोडावा आणि कान द्यावा. उपकरण जोडल्याचा आवाज आला आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘क्यूडीलोडर ९००८’ अशी ओळ उमटली, तर चिप जागी आहे आणि तो कोरलेला प्राथमिक बूटलोडर मदतीची वाट पाहत थांबला आहे. काळ्या पडद्याच्या मोबाईलबाबत याहून चांगली बातमी नसते, पण दुकानात ती ओळ पाहण्याआधीच ‘बोर्ड गेला’ असा निकाल दिला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

रिकव्हरी उघडत असेल तर काम सोपे असते. जुन्या प्रणालीचा डेटा नव्या प्रणालीला उलगडत नाही, हे बूटलूपचे फार नेहमीचे कारण आहे. अशा वेळी रिकव्हरीतून ‘फॉरमॅट डेटा’ करून तीच फाईल पुन्हा बसवली की पुष्कळदा मोबाईल उभा राहतो. मात्र यात आतील फोटो आणि संपर्क जातात, आणि डेटा सांकेतिक रूपात साठवलेला असल्याने ते नंतर परत मिळत नाहीत. हे मालकाला आधी स्पष्ट सांगणे दुरुस्ती करणाऱ्याचे कर्तव्य आहे. रिकव्हरी उघडत नसेल आणि फास्टबूट उघडत असेल, तर त्याच मॉडेलची, त्याच प्रदेशासाठीची कंपनीची मूळ फाईल संगणकावरून भरावी लागते. अँड्रॉइड १० सह आलेल्या व त्यानंतरच्या मोबाईलमध्ये प्रणालीचे विभाग ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या विभागात असतात, त्यामुळे जुन्या मोबाईलसाठी लिहिलेल्या आज्ञा तिथे चालत नाहीत. सॅमसंगमध्ये फास्टबूटऐवजी डाउनलोड मोड असतो आणि ओडिन या साधनाने फाईल भरतात. त्यात सीएससी म्हणजे देश व नेटवर्कनुसारच्या सेटिंग्जची फाईल; ‘होम सीएससी’ निवडल्यास डेटा राहतो, तर साधी ‘सीएससी’ निवडल्यास तो पुसला जातो.

९००८ च्या अवस्थेतून बाहेर काढण्यासाठी चिपला जुळणारी आणि कंपनीची सही असलेली प्रोग्रामर फाईल (साठवणुकीत लिहिण्याचे काम करणारा छोटा प्रोग्राम) लागते, आणि काही कंपन्या त्यापुढे अधिकृत खात्याची परवानगीही मागतात. मोबाईल आपणहून या अवस्थेत जात नसेल तर मागचे झाकण उघडून बोर्डावरील टेस्ट पॉइंट (चाचणीसाठीचे धातूचे बिंदू) क्षणभर जोडावे लागतात. हे काम सराव असलेल्या हातानेच करावे, आणि त्यासाठी अमरावती किंवा नागपूरची खेप पडली तरी ती वाया जात नाही. मीडियाटेकच्या चिपसाठी एसपी फ्लॅश टूल वापरतात. त्यातील ‘डाउनलोड ओन्ली’ हा पर्याय तुलनेने सुरक्षित आहे. ‘फॉरमॅट ऑल’चा पर्याय मात्र आयएमईआय (मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक) असलेला विभागही पुसतो, मग मोबाईल चालू होतो पण त्याला नेटवर्क मिळत नाही.

खेड्यातील परिस्थितीचा या कामावर थेट परिणाम होतो. मूळ फाईल अनेकदा चार-पाच जीबीची असते. रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आला, तर पाच जीबी उतरायला सलग सात दिवसांहून अधिक काळ लागेल. त्यामुळे फाईल तालुक्याच्या गावातून पेनड्राइव्हवर आणणे बरे, आणि आणल्यावर तिचा चेकसम (फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ आकड्याशी ताडून पाहणे आवश्यक, कारण अर्धवट उतरलेली फाईल हेच अनेक फसलेल्या प्रयत्नांचे मूळ असते. दुसरा प्रश्न विजेचा. भरणा चालू असताना ‘लाइन गेली’ आणि इन्व्हर्टर नसलेला संगणक बंद पडला, तर परिणाम त्या क्षणी कोणता विभाग लिहिला जात होता यावर ठरतो. मुख्य प्रणालीचा विभाग असेल तर पुन्हा पहिल्यापासून भरता येते, पण बूटलोडर असेल तर सॉफ्ट ब्रिकचा हार्ड ब्रिक होतो. म्हणून बॅटरी भरलेला लॅपटॉपच वापरावा, आणि केबल नुसती चार्जिंगची नसून डेटा नेणारी आहे याची आधी खात्री करावी.

चालू होऊ शकणारा मोबाईल दुरुस्तीच्याच ओघात गमावला जातो, असे दोन प्रसंग विशेष नमूद करण्यासारखे आहेत. शाओमीच्या मी फ्लॅश साधनात खिडकीच्या तळाशी ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो. तो न बदलता चिनी बाजारासाठीच्या मोबाईलमध्ये जागतिक आवृत्ती भरली, तर कस्टम रॉमसाठी उघडलेला बूटलोडर पुन्हा कुलूपबंद होतो आणि मोबाईल ती आवृत्ती चालवण्यास नकार देतो. दुसरा प्रसंग जुनी आवृत्ती भरण्याचा. मागे जाण्यास प्रतिबंध करणारा क्रमांक चिपमध्ये एकदा वाढला की तो कमी होत नाही. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोच्या अनेक मालकांना हे फार महागात पडले. फास्टबूटमध्ये हा क्रमांक विचारता येतो, आणि भरायच्या फाईलमधील क्रमांक त्याहून कमी असेल तर ती फाईल भरू नये.

मोबाईल उभा राहिल्यावरही एक अडथळा येऊ शकतो. रीसेटनंतर जुने गुगल खाते मागणारे संरक्षण अँड्रॉइड ५.१ पासून आहे. गावाकडे ते खाते अनेकदा खरेदीच्या वेळी दुकानदारानेच उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून तो आधी शोधावा लागतो. आयएमईआय हरवला असेल तर दुसऱ्या मोबाईलचा क्रमांक टाकून देणारे भेटतात. त्यांना ठाम नकार द्यावा. अशा फेरफाराला २०१७ च्या नियमांनीच मनाई केली होती आणि आता दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हरवलेला मूळ क्रमांक परत बसवायचा तर खरेदीची पावती घेऊन अधिकृत सेवा केंद्रातच जावे. शेवटची तपासणी *#०६# दाबून करतात. पडद्यावर आलेला पंधरा आकडी क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी जुळला, की दुसऱ्या मोबाईलमध्ये ठेवलेले सिम काढून परत यात घालावे.