मानवाकृती यंत्रमानवाची हौशी बांधणी

मानवाकृती यंत्रमानवाची हौशी बांधणी : डोके, धड, दोन हात आणि जमल्यास दोन पाय असलेला यंत्रमानव घरच्या घरी, स्वखर्चाने बनवण्याचा छंद. तयार संचाचे भाग जोडणारे हौशी असतात, तसेच प्रत्येक सांधा स्वतः आखून थ्रीडी प्रिंटरवर छापणारेही असतात.

जपानच्या वासेदा विद्यापीठात १९७३ मध्ये वाबोट-१ हा मानवाकृती यंत्रमानव चालला. त्यानंतर कित्येक वर्षे हे काम विद्यापीठे आणि बड्या कंपन्यांपुरतेच राहिले. २००२ मध्ये जपानमध्ये दोन पायांच्या यंत्रमानवांच्या झुंजींची रोबो-वन स्पर्धा सुरू झाली. २००४ मध्ये १७ सर्व्हो मोटरींचा (सांगितलेल्या कोनापर्यंत वळून तिथे थांबणाऱ्या मोटरी) केएचआर-१ हा यंत्रमानवाचा संच विक्रीस आला. पुढे आर्डुइनोसारखे सोपे नियंत्रक आणि स्वस्त थ्रीडी प्रिंटर हाती आल्यावर छंद फोफावला. फ्रेंच शिल्पकार गाएल लांजव्हॅं यांनी २०१२ मध्ये इनमूव्ह या यंत्रमानवाची सुरुवात एका कृत्रिम हातापासून केली आणि माणसाएवढ्या यंत्रमानवाचे सगळे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले. हा छंद आज इतका पसरला आहे, त्यात या मोकळेपणाचा वाटा फार मोठा आहे.

नवख्याला वाटते, अवघड असेल तो मेंदू. प्रत्यक्षात अडते ते वजनाशी. ५५ ग्रॅमची, धातूच्या दातेरी चाकांची नेहमीची सर्व्हो मोटर ६ व्होल्टवर फार तर ११ किलो-सेंटिमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर ११ किलो वजन पेलण्याइतका. आता ३० सेंटिमीटर लांबीचा हात खांद्यातून आडवा धरला आणि पंजात २०० ग्रॅमची वस्तू दिली, तर ६ किलो-सेंटिमीटर तिथेच गेले. हाताचे स्वतःचे वजन ३०० ग्रॅम आणि ते मधोमध धरले, तर आणखी साडेचार. बेरीज साडेदहा. आकडा मर्यादेच्या आत दिसतो खरा, पण ११ हा मोटर अडून थांबते तेव्हाचा टॉर्क आहे. तिथवर ताणलेली मोटर तापते आणि जळते. म्हणून गरजेच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची मोटर घ्यावी, किंवा खांद्याला स्प्रिंग लावून हाताचे वजन तोलावे. इनमूव्हमध्ये बोटांच्या मोटरी पंजात नसून कोपराखालच्या भागात बसवलेल्या आहेत आणि बोटे दोऱ्यांनी ओढली जातात. माणसाच्या हातातही बोटे वाकवणारे मोठे स्नायू तिथेच असतात.

उंची वाढवण्याचा मोह याच गणितात फसतो. त्याच प्रमाणात उंची दुप्पट केली की वजन आठपट होते, तरफेची लांबी दुप्पट होते आणि गुडघ्यावर येणारा टॉर्क सोळापट होतो. घरी बनवलेले चालते यंत्रमानव बहुधा गुडघ्याएवढेच असतात, ते यामुळे. माणसाएवढे बहुतेक कमरेपर्यंतच बांधले जातात किंवा चाकांच्या बैठकीवर उभे राहतात.

वीजपुरवठ्याकडे सुरुवातीला हमखास दुर्लक्ष होते. अनेक मोटरी एकदम हलल्या की व्होल्टेज कोसळते आणि नियंत्रक मध्येच पुन्हा सुरू होतो. मोटरींना वेगळी बॅटरी द्यावी, मात्र दोन्हींचा ग्राउंड (ऋण बाजूची तार) एकच ठेवावा. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये आणि चार्जिंग चालू असताना तिथून हलू नये.

चालणे ही खरी परीक्षा. सोपी पद्धत अशी : गुरुत्वमध्य आधी टेकलेल्या तळव्यावर आणायचा आणि मगच दुसरा पाय उचलायचा. वजन बाजूला सरकवायचे ते घोट्याने आणि खुब्याने. इथे सांध्यातील ढिलाई घात करते. घोट्यात एका अंशाची ढिलाई असली तरी ४० सेंटिमीटर वर डोके सात मिलिमीटर सरकते आणि पायात असे पाच-सहा सांधे असतात. मोटरींचे कोन बदलत बसण्यापेक्षा स्क्रू, बेअरिंग आणि मोटरीची बैठक आधी तपासलेली बरी. वेगाने चालण्यासाठी शास्त्रज्ञ व्हुकोब्रातोविच यांची शून्य-आघूर्ण बिंदूची कल्पना (जमिनीवरच्या ज्या बिंदूपाशी उलथवणारा जोर शून्य होतो, तो तळव्याच्या आत ठेवणे) आणि कलण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप वापरतात. पहिली पावले टाकताना यंत्रमानवाला वरून सैल दोरी बांधलेली असावी. तोल गेला की सगळा भार सहसा मानेवर किंवा मनगटावर येतो.