'कॅलिडोस्कोप वर्ल्ड' : ऑर्केस्ट्राकडे वळलेल्या अल्बमची पार्श्वभूमी

स्विंग आउट सिस्टर या ब्रिटिश पॉप गटाचा 'कॅलिडोस्कोप वर्ल्ड' हा दुसरा अल्बम १९८९ मध्ये आला. भरघोस व्हायोलिन, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये) आणि संथ, ऐसपैस चालींचे जे संगीत त्याने पुन्हा हाती घेतले होते, त्याला तोवर जुन्या पिढीच्या दिवाणखान्यातले संगीत म्हणून बाजूला सारण्यात आले होते.

गटाचा उगम पाहता हे वळण अधिकच लक्षणीय वाटते. कीबोर्डवादक अँडी कॉनेल हे 'अ सर्टन रेशो' या बँडमधून, तर ड्रमवादक मार्टिन जॅक्सन 'मॅगझीन' या बँडमधून आलेले. म्हणजे दोघेही मँचेस्टरच्या पंकोत्तर (पंक रॉकच्या लाटेनंतरच्या) वर्तुळात घडलेले. फॅशन डिझाइनच्या क्षेत्रातून आलेल्या कोरिन ड्रूरी गायिका म्हणून त्यांना मिळाल्या. १९८६ मध्ये 'ब्रेकआउट' हे त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये चौथ्या आणि पुढील वर्षी अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर पोहोचले, तर १९८७ चा 'इट्स बेटर टु ट्रॅव्हल' हा पहिलाच अल्बम ब्रिटनच्या यादीत अव्वल ठरला. त्यातही ब्रास आणि व्हायोलिन होते, पण गाण्यांचा कणा सिंथेसायझर आणि यंत्रावर बांधलेल्या ठेक्याचा होता.

'ब्रेकआउट'ने अमेरिकेतील 'अ‍ॅडल्ट कंटेम्पररी' यादीतही पहिला क्रमांक मिळवला होता. 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाने १९६१ मध्ये 'ईझी लिसनिंग' (सहज ऐकण्याजोगे संगीत) या नावाने सुरू केलेल्या यादीचेच हे नंतरचे नाव. पर्सी फेथ, मँटोव्हानी यांच्या वाद्यवृंदांमुळे ईझी लिसनिंगची ओळख मुख्यतः गुळगुळीत, निरुपद्रवी संगीत अशी झाली. पण त्याच परिसरात संगीतकार बर्ट बॅकरॅक यांची अनपेक्षित मात्रांवर वळणारी गाणीही होती आणि गीतकार-संगीतकार जिमी वेब यांचे १९६८ चे 'मॅकआर्थर पार्क'ही होते, जे सात मिनिटांहून अधिक चालते आणि मध्येच लय बदलून निव्वळ वाद्यवृंदाच्या हवाली होते. या परंपरेला हलकीफुलकी म्हणून बाजूला सारणे तिच्या रचनाकारांवर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि 'कॅलिडोस्कोप वर्ल्ड' त्याच जाणिवेतून घडला असावा, असे तो ऐकताना वाटते.

दुसऱ्या अल्बमचे काम चालू असतानाच जॅक्सन गटातून बाहेर पडले आणि कॉनेल व ड्रूरी ही जोडी उरली. निर्मितीची सूत्रे मात्र पहिल्या अल्बमप्रमाणेच पॉल स्टेव्हली ओडफी यांच्याकडे राहिली. यशस्वी ठरलेला साचा पुन्हा वापरणे सोपे होते. त्याऐवजी त्यांनी पूर्ण वाद्यवृंदाचा मार्ग धरला आणि 'फॉरएव्हर ब्लू' व 'प्रेशस वर्ड्स' या दोन गाण्यांच्या वाद्यवृंद-संयोजनासाठी थेट जिमी वेब यांनाच पाचारण केले. साठच्या दशकातील ध्वनीची दुरून नक्कल करणे आणि तो ध्वनी घडवणाऱ्याच्या हातून स्वरलेखन करून घेणे यांतील फरक 'फॉरएव्हर ब्लू'मध्ये ऐकू येतो : तेथे तंतुवाद्ये गायिकेमागे केवळ पडद्यासारखी पसरत नाहीत, तर तिच्या ओळींना उत्तर देतात आणि गाण्याची खिन्नता स्वतः वाहून नेतात. 'यू ऑन माय माइंड' या अल्बममधून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या पहिल्या गाण्याची (सिंगल) चाल तुलनेने चटपटीत आहे. त्याच्या व्हिडिओनेही १९६८ च्या 'द थॉमस क्राउन अफेअर' या चित्रपटाची दृश्यशैली उचलली होती.

विक्रीच्या दृष्टीने हा निर्णय पहिल्या अल्बमइतका फळला नाही. अल्बम ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेला, तर 'यू ऑन माय माइंड' पहिल्या विसांतही आले नाही. १९९२ च्या 'गेट इन टच विथ युअरसेल्फ'मध्ये गटाचा कल सोल संगीताकडे झुकला. ईझी लिसनिंगची नवी लाट ब्रिटनमध्ये आली ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर. १९९५ मध्ये माइक फ्लॉवर्स पॉप्स या गटाने ओएसिस या रॉक बँडच्या 'वंडरवॉल' गाण्याला याच थाटात सजवून दुसरा क्रमांक गाठला, पण त्यामागे विडंबनाची वृत्ती होती. कॉनेल आणि ड्रूरी यांनी सहा वर्षे आधी हाच थाट कोणतीही थट्टा न करता, त्यातील कारागिरीवरच्या प्रेमापोटी स्वीकारला होता.