अपर्णा पोपटची नऊ विजेतेपदं : थोडं मागे जाऊन

२००६ च्या राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेत महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात नेटच्या एका बाजूला अठ्ठाविशीच्या आसपासची अपर्णा पोपट होती आणि दुसऱ्या बाजूला पंधरा वर्षांची सायना नेहवाल. अपर्णा जिंकली. तिचं हे सलग नववं विजेतेपद. प्रकाश पदुकोणने १९७१ ते १९७९ अशी ओळीने नऊ वर्षं पुरुष एकेरी जिंकली होती, त्या विक्रमाशी तिने बरोबरी साधली. मनगटाच्या दुखण्याने त्याच वर्षी तिचा खेळ थांबला आणि दहावं विजेतेपद राहूनच गेलं.

आज तिचं नाव निघतं ते बहुतेक वेळा ‘सायनाच्या आधीची’ म्हणून. पण ती स्वतः कोणाच्या नंतरची होती, हे पाहिलं की त्या नऊ विजेतेपदांचा अर्थ नीट लागतो.

या खेळाचं पुण्याशी जुनं नातं आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम कागदावर उतरवले, आणि काही काळ खेळालाही ‘पूना’च म्हणत. ‘बॅडमिंटन’ हे नाव इंग्लंडमधल्या एका सरदारी वाड्यावरून आलेलं. पुढे महिलांच्या खेळातही पुणं ठळक दिसतं. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुलींचा चाळीसच्या दशकात देशातल्या महिला बॅडमिंटनवर दबदबा होता. वडिलांच्या नावाने क्रिकेटचा करंडक आहे, तो सगळ्यांना ठाऊक. मुलींची नावं मात्र पुण्यातही आता फार थोड्यांना आठवतील.

त्यानंतरची विजेत्यांची यादी चाळली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकेक नाव ठाण मांडून बसलेलं असतं. उत्तर प्रदेशच्या मीना शहा सात वेळा, अमी घिया सात वेळा, मधुमिता बिश्त आठ वेळा, मग अपर्णा नऊ वेळा. यात त्यांची गुणवत्ता आहेच. पण माझ्या मते त्यात खेळाचा लहान पसाराही दिसतो. चांगले हॉल मोजक्या शहरांत, तेही बऱ्याचदा जिमखान्यांच्या मालकीचे. आणि फूल, म्हणजे शटलकॉक, महाग. सोळा पिसांचं, जेमतेम पाच ग्रॅमचं ते फूल चार जोरदार स्मॅश बसले की पीस मोडून भलतीकडे वळू लागतं. सरावाला रोज डब्यामागून डबा लागतो. अंगणात प्लास्टिकच्या फुलाने खेळणाऱ्या मुली हजारो होत्या, पण पिसांच्या फुलापर्यंत पोचणाऱ्या थोड्या. त्यामुळे वर पोचलेलीला घरात गाठणारी लवकर सापडत नसे, आणि परदेशात गेलं की चीन, इंडोनेशिया, डेन्मार्कच्या मुली पहिल्या-दुसऱ्या फेरीतच समोर उभ्या. त्यातूनही काही निसटतं यश मिळे. १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांनी दुहेरीचं कांस्यपदक आणलं, ते असंच.

मुंबईच्या अपर्णाने आठव्या वर्षी अनिल प्रधान यांच्या हाताखाली रॅकेट धरली. १९९४ मध्ये बंगळुरूत पदुकोण अकादमी सुरू झाली आणि ती तिकडे गेली. एकाच छताखाली वर्षभर शिस्तीत सराव, ही सोय तिच्या आधीच्या खेळाडूंच्या वाट्याला आलेली नव्हती. फरकही लगेच दिसला. १९९६ मध्ये डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्गला ज्युनियर जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. १९९८ मध्ये फ्रेंच ओपनची अंतिम फेरी गाठली आणि क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही रौप्य जिंकलं. तिथे वेल्सच्या केली मॉर्गनने तिला हरवलं. सिडनी आणि अथेन्स ही दोन ऑलिंपिकंही ती खेळली. देशातलं विजेतेपद मात्र १९९७-९८ पासून तिने कुणाला दिलंच नाही.

तिचा खेळ ताकदीपेक्षा मनगटाचा आणि डोक्याचा. त्या काळच्या गुणपद्धतीत हे फार महत्त्वाचं होतं. महिला एकेरीचा गेम अकरा गुणांचा असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळे. समोरचीच्या सर्व्हिसवर तीस फटक्यांची रॅली जिंकली तरी हातात काय, तर सर्व्हिस. पाटीवरचा आकडा जागचा हलत नसे. ४-४ वर दहा-दहा वेळा सर्व्हिस इकडून तिकडे जाई आणि पंच तेच आकडे पुन्हा पुन्हा पुकारत राही. जिच्याकडे दम आणि चिकाटी जास्त, ती अशा सामन्यात समोरचीला हळूहळू झिजवू शके. २००६ मध्येच ही पद्धत गेली आणि प्रत्येक रॅलीला गुण देणारा एकवीसचा गेम आला. अपर्णाची जवळजवळ सगळी कारकीर्द जुन्या हिशेबातली. ज्या मनगटाने फूल ऐनवेळी वळवायचं, तेच दुखावलं, ही त्यातली चुटपुट.

२००६ च्या त्या अंतिम सामन्यात हरलेल्या सायनाने काही महिन्यांतच, मे २००६ मध्ये, फिलिपिन्स ओपन जिंकली. २००८ मध्ये हैदराबादला गोपीचंद अकादमी उभी राहिली. गोपीचंद स्वतः बंगळुरूच्या त्याच पदुकोण अकादमीत घडलेला, तेव्हा नव्या अकादमीची मुळं कुठली ते वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये सायनाने कांस्य घेतलं, २०१६ मध्ये रिओत सिंधूने रौप्य. मोठ्या स्पर्धांच्या गर्दीत या दोघी राष्ट्रीय स्पर्धेत क्वचितच उतरत. जो किताब अपर्णाने नऊ वर्षं जपला, तो आता वेळापत्रकात बसला तर खेळायचा झाला होता.

२०१७ मध्ये मात्र नागपूरला दोघी उतरल्या आणि अंतिम फेरीत भिडल्या. सायनाने २१-१७, २७-२५ असा विजय मिळवला. त्याच नागपूरची मालविका बनसोड तेव्हा सोळा वर्षांची होती. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये दुसऱ्या फेरीत तिची गाठ सायनाशी पडली. मालविका दोन गेममध्ये जिंकली, २१-१७, २१-९.