बारा फुटांत एक गिरकी

रविवारी सकाळी टोरांटोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. सोलापुरात असताना पार्क मैदानावर वेगवान गोलंदाजी करणारा हा पोरगा आता तिकडे हौसेने कुऱ्हाडफेक शिकतो आहे. चेहरा रडवेला. "मामा, किती बी जोर लावलो तरी दांडाच आपटायलाय की!"

"जोर राहू दे," मी म्हटले. "अर्धं पाऊल मागं सर आणि तसंच टाक."

तिसऱ्या फेकीला पाते फळीत रुतले. त्याला जादू वाटली. खरे तर तो एक भागाकार आहे, आणि इतका सुंदर भागाकार मला क्वचितच भेटला आहे.

आधी खेळाविषयी थोडे. लाकूडतोड्यांच्या स्पर्धांत कुऱ्हाडफेक पूर्वीपासून आहे. आजचा शहरी खेळ मात्र 2006 साली टोरांटोतच, मॅट विल्सन यांच्या घरामागच्या अंगणात सुरू झाला. 2017 साली वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीग उभी राहिली. तिच्या नियमांत लहान कुऱ्हाड लक्ष्यापासून 12 फुटांवरून फेकतात आणि एका सामन्यात प्रत्येकाला 10 फेकी मिळतात.

हे 12 फूट आले कुठून?

कुऱ्हाड हातात असते तोवर हात आणि ती मिळून एकच काठी फिरते असे समजा. हाताने कुऱ्हाडीला पुढे जाण्याचा वेग मिळतो आणि स्वतःभोवती फिरण्याचाही. दुप्पट जोराने फेकले तर दोन्ही दुप्पट होतात. कुऱ्हाड निम्म्या वेळात फळीपाशी पोहोचते, पण फिरतेही दुप्पट वेगाने. म्हणून फळीपर्यंतच्या गिरक्या तेवढ्याच! जोर भागाकारात कटून जातो आणि उरतात दोनच गोष्टी: फळीपर्यंतचे अंतर आणि फिरण्याची त्रिज्या.

ही त्रिज्या मोजता येते. घरातली कुऱ्हाड बोटावर आडवी तोलून पाहा. दांडा लांब असला तरी तोल पात्याच्या अगदी जवळ सापडतो. फिरण्याचे केंद्र कोपर धरा. कोपरापासून मुठीपर्यंत साधारण 35 सेंटिमीटर, मुठीपासून या तोलबिंदूपर्यंत 25, म्हणजे एकूण 60. त्याला 6.28 ने गुणा, की वर्तुळाचा परीघ आला 377 सेंटिमीटर, म्हणजे 12 फुटांहून थोडा जास्त. एवढ्या अंतरात कुऱ्हाड बरोबर एक गिरकी घेते. फेकताना हात आणि खांदा पुढे सरकतात, म्हणून हिशेब ढोबळच. पण दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकायच्या लांब दांड्याच्या दुधारी कुऱ्हाडीचे अंतर 20 फूट असते. त्रिज्या वाढली, अंतर वाढले.

मला तर हे घड्याळच दिसते. बारा फूट म्हणजे बारा तास, दर फुटाला कुऱ्हाड एक तास पुढे, म्हणजे 30 अंश. भाच्याच्या कुऱ्हाडीचे बारा वाजायच्या आधीच फळी आडवी येत होती. गिरकी अपुरी राहिली, म्हणून दांड्याचे टोक आधी टेकत होते. अर्ध्या पावलाने तेवढी सवड मिळाली. उलट पात्याचा माथा आपटून दांडा आपल्याकडे वळला, तर पुढे सरकायचे. आणि मनगटाला झटका द्यायचा नाही. त्याने गिरकी वाढते, वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, आणि सगळे गणित बिघडते.

मग जोर कशासाठी? सेकंदाला 10 मीटर वेग धरला तर बारा फुटांना साधारण सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण कुऱ्हाडीला 60 सेंटिमीटरहून जास्त खाली ओढते. जोर कमी तर ही घसरण जास्त. शिवाय पाते रुतायलाही वेग हवाच.

हवेत ती वेडीवाकडी का होत नाही? बिछान्यावर सोलापुरी चादर चार पदरी टाका आणि त्यावर मोबाइल उडवून पाहा. छताचा पंखा फिरतो तसा सपाट फिरवला तर तो निमूट फिरतो. पडदा वर धरून कोलांटी दिली तर मध्येच कूस बदलतो. सोव्हिएत अंतराळवीर जानिबेकोव्ह यांनी 1985 साली अवकाशात नट-बोल्टमधल्या एका फिरत्या नटाच्या बाबतीत हेच कूस बदलणे पाहिले. कुऱ्हाड पात्याच्या आणि दांड्याच्या पातळीत फिरते, म्हणजे मोबाइलच्या पहिल्या, निमूट तऱ्हेने. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणाऱ्यांना तोल म्हणजे काय ते कोणी सांगायला नको, पण ही फिरत्या तोलाची गंमत त्यांनाही आवडेल.

फळ्या उभ्या लावतात, तेही उगीच नाही. पाते उभे येते, धागेही उभे. धार धागे तोडत नाही, दोन्हीकडे सारते आणि तेच धागे तिला आवळून धरतात. लाकूड मऊ लागते, पॉप्लर किंवा पाइनसारखे. बाभळीवरून कुऱ्हाड उसळून मागे येईल. कोरड्या फळ्यांवर पाणी मारतात. आपल्या एप्रिलात तर बादली शेजारीच ठेवावी लागेल.

भाचा संक्रांतीला येणार आहे. "शेतातली कुऱ्हाड काढून ठेवा," म्हणाला. मी नाही म्हटले. तिचे पाते पाचर ठोकून बसवलेले आहे, आणि आमच्या कोरड्या हवेत दांडा आक्रसला की ते खुळखुळते. हवेतल्या गिरकीत ते निसटले, तर जाईल कुठे याचा हिशेब मला मांडता येणार नाही.