मारुती जिप्सी : घरगुती देखभाल व फेरबदल

मारुती जिप्सी ही शिडीच्या आकाराच्या पोलादी चॅसीवर बांधलेली, चारही चाकांना ताकद देता येणारी भारतीय मोटार आहे. सुझुकीच्या जिम्नी मालिकेतील लांब बांध्याच्या गाडीवरून ती घेतलेली असून डिसेंबर 1985 मध्ये ती 970 सीसी पेट्रोल इंजिनासह बाजारात आली. 1996 मध्ये 1,298 सीसीची ‘जिप्सी किंग’ आली आणि 2000 मध्ये कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळे पेट्रोल फवारणारी) प्रणाली बसली. 2019 पासून खासगी ग्राहकाला नवी जिप्सी मिळत नाही. सैन्य, पोलीस आणि वनखात्याने ती वर्षानुवर्षे वापरली. ताडोबाला जाणाऱ्या पर्यटकांना ती सफारीची उघडी गाडी म्हणून परिचयाची आहे. आज हौशी मालकांकडे असलेल्या बहुतेक जिप्सी जुन्या, एकदोन हात बदललेल्या आहेत. रचना साधी, हात घालायला जागा भरपूर आणि इलेक्ट्रॉनिक्स अगदी मोजके, त्यामुळे घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मालकाने स्वतः काम करावे अशी ही गाडी आहे.

अशी गाडी घरी आली की पहिला मोह ती उंच करण्याचा, मोठे टायर चढवण्याचा होतो. खरे तर पहिले काम ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करण्याचे आहे. झिजलेले बुश, सैल बेअरिंग आणि बसलेले पाटे (लीफ स्प्रिंग) तसेच ठेवून वर फेरबदल केले तर नंतर कुठला दोष जुना आणि कुठला नवा, हे चांगल्या मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

यंत्ररचना. पुढचा व मागचा दोन्ही एक्सल अखंड असून पाट्यांवर टेकलेले आहेत. पाटे एक्सलच्या खालून जातात. ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या व मागच्या एक्सलला वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नसून चॅसीवर रबरी माउंटिंगवर वेगळी बसवलेली असते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ही रबरे फाटली की गाडी गुरगुरते, धक्के देते, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो. पुढच्या व मागच्या एक्सलमध्ये मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) नाही. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील घालून वळू नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि चाकांना घसरायला वाव नसला की तो ताण शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) आणि गिअरवर येतो. चिखलात, वाळूत चाक थोडे घसरते आणि ताण आपोआप सुटतो.

पुढचा एक्सल. जिप्सीची खरी परीक्षा इथे होते. पुढच्या चाकाच्या आत, एक्सलच्या टोकाला पोलादी पोकळ गोळा असतो. त्यात ग्रीसमध्ये बुडालेला सीव्ही जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला ताकद पोहोचवणारा सांधा), आणि वर-खाली किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खुंटाची, बेअरिंग. आतले ऑइल सील गेले की डिफरन्शियलचे ऑइल गोळ्यात उतरते, ग्रीस पातळ करते आणि चाकाच्या आतल्या बाजूने काळा चिकट ओघळ दिसू लागतो. पुढे बेअरिंग झिजतात. मग ठरावीक वेगाला एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथडू लागते. यावर पुष्कळ जण स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. त्याने थरथर दबते, झीज मात्र चालूच राहते.

निदान घरी होते. चाक जॅकवर उचलावे, वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे व पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे, तशीच राहिली तर किंगपिन. किंगपिनचा घट्टपणा पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून-काढून जुळवतात. ते काम शांतपणे आणि सर्व्हिस मॅन्युअल शेजारी ठेवून करावे.

फ्री व्हीलिंग हब (पुढची चाके एक्सलच्या शाफ्टपासून सोडवणारी जुळणी) असलेल्या गाडीत महिन्यातून एकदा हब ‘लॉक’ करून काही किलोमीटर गाडी चालवावी. एरवी न फिरणाऱ्या पुढच्या भागांना त्याने ऑइल पोहोचते. शाफ्टच्या क्रॉसमध्ये ग्रीस गनने नवे ग्रीस भरताना जुने बाहेर येईपर्यंत भरायचे असते.

पाणी. कोकणातले ओढे आणि पावसाळी कच्चे रस्ते या गाडीचे जितके आवडते तितकेच घातक. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. हाउसिंगवरची श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बंद असेल तर एक्सल सीलमधून पाणी ओढून घेतो. पावसाळा संपल्यावर डिफरन्शियलचा ड्रेन प्लग थोडासाच सैल करून पाहावा. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाला बसते, त्यामुळे ते आधी येते. ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर सगळे बदलायलाच हवे. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरला ऑइल सोसणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यायची. जिप्सीवर एकच फेरबदल करायचा असेल तर तो हा असावा.

समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी गंजाकडे विशेष लक्ष द्यावे. पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि बॉडी माउंटिंगच्या जागा आधी सडतात. वाळूत जाऊन आल्यावर गोड्या पाण्याने चॅसी आतून-बाहेरून धुवावी.

टायर व उंची. पाटे बदलून बॉडी वर जाते, पण एक्सलचा गोल डिफरन्शियल जमिनीपासून तेवढाच राहतो. तो उचलतो फक्त मोठा टायर. मूळ 205/70 आर 15 टायरचा व्यास सुमारे 668 मिमी., तर लोकप्रिय 235/75 आर 15 चा सुमारे 734 मिमी. भरतो. म्हणजे डिफरन्शियलखाली जास्तीची जागा मिळते 33 मिमी. त्याची किंमत अशी, की स्पीडोमीटर 60 दाखवताना गाडी जवळजवळ 66 च्या वेगात असते, आणि ब्रेक व क्लचवर बोजा वाढतो. किंगचे एमपीएफआय इंजिन आपला 103 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला 4,500 फेऱ्यांच्या आसपास देते. चढावर जड टायर घेऊन ते दमते. वाळूत किंवा चिखलात टायरमधली हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवल्याने जी पकड मिळते ती फुकट आहे. डांबरावर येताच ती पुन्हा भरायला हवी, म्हणून गाडीत पंप हवाच.

लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला टांगणारी कडी) हा उंचीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा मार्ग. शॅकल दोन इंच वाढवले की उंची जेमतेम एक इंच वाढते. जिप्सीत पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात, त्यामुळे ते लांबवले की एक्सल पुढे कलतो, कॅस्टर कोन (किंगपिनचा मागे झुकाव) घटतो आणि वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होईनासे होते. एक्सलच्या वरून पाटे घेतले तर उंची सुमारे पाच इंचांनी वाढते, पण मग ब्रेकच्या नळ्या, शाफ्टचे कोन, स्टिअरिंगचा दांडा, सगळेच नव्याने जुळवावे लागते. हे वेल्डिंगचे काम आहे, आणि ते अंगणात शिकण्याचे नव्हे.

कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढचे लोखंडी बुल बार केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवून बंद करायला लावले. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते, म्हणून मूळ पाटे, शॅकल आणि चाके भंगारात घालू नयेत.

कामाची रीत. गाडीखाली शिरण्याआधी चॅसीखाली जॅक स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, म्हणजे आटे वाचतात. पाट्यांचे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालावेत आणि पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.