बसचा दुसरा हिसका

माझ्या आत्तीचं मनगट मोडलं ते थांबलेल्या बसमध्ये. घरात कुणाला हे पटेना. येळ्ळूरहून बेळगावला यायला तिला रोजचीच बस. हातात भाजीची पिशवी. थांबा जवळ आला तशी ती नेहमीप्रमाणे आधीच उठून दारापाशी येऊन उभी राहिली. बस थांबली. आत्तीने दांडी सोडली, पिशवी उचलायला वाकली आणि मागच्या मागे पायरीवर हात टेकून पडली. "गाडी थांबलेली की रे, मग मी पडले कशी?" प्लास्टर घालून घेताना तिने हे मला तीनदा विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता. पुढच्या वेळी बसमध्ये उभे असाल तेव्हा नीट लक्ष द्या, ब्रेक लागल्यावर हिसके दोन बसतात. पहिला आपल्याला पुढे ढकलतो. पाय बसच्या फरशीला चिकटलेले असतात म्हणून बसबरोबर मंदावतात, पण धड आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतं. शाळेत शिकलेलं जडत्व ते हेच. तोल जाऊ नये म्हणून आपण नकळत बोटं फरशीत रोवतो, पोटऱ्या ताणतो, दांडीला मागे रेलतो. म्हणजे ब्रेक लागलेला असतो तितका वेळ आपले स्नायू शरीराला मागे ढकलत असतात.

मग चाकं थांबतात, आणि पुढे ओढणारा जोर क्षणार्धात नाहीसा होतो. स्नायूंना ही बातमी कळून ते सैल पडायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांचा मागचा रेटा चालूच राहतो, आणि आता त्याला तोलणारं काही उरलेलं नसतं. त्यातच ब्रेकमुळे पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांवर, खाली दबलेलं बसचं नाक वर उसळतं. आपण मागे फेकले जातो. हा दुसरा हिसका. आत्ती त्यातच पडली, कारण 'थांबली' असं मनाने ठरवून हात मोकळा केला होता तो नेमका त्याच क्षणी.

मागे पडणं इतकं सोपं का, याचं उत्तर आपल्या पावलात आहे. घोट्याच्या पुढे पाऊल साधारण १५ सेंटिमीटर असतं, मागे टाच मात्र जेमतेम ५. शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर, बेंबीच्या जरा खाली. वजन घोट्यावर आहे असं धरून हिशेब मांडला तर पाय जुळवून पुढे तोंड करून उभा असलेला माणूस पुढच्या बाजूचा जेवढा हिसका पेलू शकतो, त्याच्या तिसरा हिस्साच मागच्या बाजूचा पेलतो. एक पाय पुढे, एक मागे असं उभं राहिलं की हा आधार एकदम दोन-तीन पटीने वाढतो. कुस्तीच्या आखाड्यात पैलवान असाच उभा राहतो, आणि आपल्या भागात हे कुणाला नव्याने सांगायला नको.

म्हणून शक्य असेल तर बस पूर्ण थांबेपर्यंत बसूनच राहावं. गर्दीत ते जमत नाही, हे मला मान्य आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आणि पहाटेपासून बाजाराला निघालेल्या बायकांसाठी ती फार चांगली गोष्ट झाली. अशा गर्दीत दाराकडे आधी सरकावंच लागतं. मग एवढं करावं: एक हात दांडीवर, एक पाय पुढे, आणि दुसरा हिसका बसून गेल्यावरच पिशवीला हात. मी स्वतः मनात 'एक... दोन' म्हणतो.

मनगटाचंही थोडं सांगायला हवं. पडताना माणूस हात टेकतो आणि सगळं वजन मनगटाच्या वरच्या हाडावर येतं. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली या मोडण्याचं वर्णन केलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होत जातात, तेव्हा उभ्या उंचीवरून पडणंसुद्धा यासाठी पुरतं. आत्तीचं वय तेव्हा ६१.

चालत्या बसमधून उतरणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी रोज बघतो आणि पोटात गोळा येतो. बस ताशी २० किलोमीटरने जात असेल तर पाय टेकताच तुम्हाला पहिल्याच पावलाला सेकंदाला साडेपाच मीटरने धावावं लागतं. ते जमलं नाही तर त्या वेगाची ऊर्जा सुमारे ५ फुटांवरून पडल्याएवढी असते. ताशी १० ला ती सव्वा फुटावरून पडल्याइतकी. वेग दुप्पट, पण पडणं चौपट. वर पावसाळ्यात ओला डांबरी रस्ता आणि गुळगुळीत झालेली रबरी चप्पल. त्यात तोंड मागच्या दिशेला करून उतरलं तर डोक्याचा मागचा भाग आपटतो, कारण मागे उलटं धावता कुणालाच येत नाही. आणि पडलेल्या माणसाला बस पुढे निघून जाताना दिसते, म्हणजे बसच्या हिशेबाने तो मागे सरकत असतो. दार पुढे असो वा मधे, त्याच्या मागे एखादं चाक असतंच.

बस पूर्ण उभी असेल तर मात्र गुडघे दुखणाऱ्यांनी बसकडे तोंड करून, शिडी उतरल्यासारखं उतरावं. ते लाजण्यासारखं नाही. दोन्ही हात दांडीला राहतात आणि मांडीच्या स्नायूंवरचा ताणही सोसवतो. कंडक्टर मागून कन्नडात "लगू इळीरी" (लवकर उतरा) म्हणाला तरी त्याला "सावकाश" म्हणावं. हा शब्द कन्नडातही तोच आहे, त्यामुळे समजावून सांगायला लागत नाही.

उतरल्यावरची जागाही तितकीच धोक्याची. थांब्यावरून निघताना बस उजवीकडे वळते, तेव्हा मागच्या चाकांच्या पलीकडचं शेपूट डावीकडे, म्हणजे नेमकं तुमच्याकडे झुकतं. वीतभर सरकलं तरी खांद्याला पुरतं. म्हणून उतरताच दोन पावलं बाजूला व्हावं. उतरण्याआधी डावीकडून घुसणारी दुचाकी तेवढी बघावी.

बसच्या पुढून रस्ता ओलांडण्याबद्दल तर हात जोडून सांगतो. उजवीकडून ताशी ४० ने येणारी दुचाकी तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तिला. तुम्ही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात ती ११ मीटर येते. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे १६. एकूण २७ मीटर, म्हणजे जवळपास अडीच बसची लांबी. बस निघून गेली की दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात. त्याला मिनिटसुद्धा लागत नाही. आत्ती आता तेवढा वेळ थांब्यावरच पिशवी खाली ठेवून उभी राहते.